आठवा सर्व्हर

1 ऑगस्ट 2012 चा बुधवार पुणेकरांना आठवतो तो जंगली महाराज रस्त्यावरच्या साखळी स्फोटांमुळे. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला स्फोट सुरू झाले आणि त्या रात्री शहरात दुसरा विषय नव्हता. आपले साडेसात म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे दहा. नेमक्या त्या वेळी तिथल्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाची दलाल पेढी मिनिटाला सरासरी एक कोटी डॉलर घालवत होती. कुणी हल्ला केला नव्हता, अफरातफर झाली नव्हती, बाजारही कोसळला नव्हता. एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला होता.

नाइट ही काही गल्लीतली पेढी नव्हती. अमेरिकेतल्या शेअरांच्या एकूण उलाढालीपैकी साधारण दहावा हिस्सा तिच्या यंत्रणेतून जायचा. कार्यालय न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत, म्हणजे वॉल स्ट्रीटपासून नदीपलीकडे. त्या सकाळी काय घडलं याचा तपशील अमेरिकेच्या रोखे नियामकानं, म्हणजे तिथल्या सेबीनं, 16 ऑक्टोबर 2013 रोजी काढलेल्या आदेशात आहे. या नियामकाला एसईसी म्हणतात. भाषा वकिली आहे, पण आतला मजकूर सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे. जुनी सेवा नव्या चौकटीत हलवताना कोडचं काय होतं हे सांगणारा याहून नेमका दस्तऐवज माझ्या वाचनात नाही. खालच्या वेळा न्यूयॉर्कच्या आहेत, कंसात आपल्या.

2003

घड्याळ सुरू होतं ते नऊ वर्षं आधी. नाइटकडे स्मार्स नावाचा ऑर्डर राउटर होता. गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर आत आली की स्मार्स तिचे तुकडे करायचा आणि जिथं शेअर मिळतील त्या बाजारांत पाठवायचा. आत आलेली ती पेरेंट ऑर्डर, बाहेर गेलेल्या त्या चाइल्ड ऑर्डर. पॉवर पेग हे या स्मार्समधलंच एक फंक्शन. 2003 मध्ये नाइटनं त्याचा वापर थांबवला.

वापर थांबवला, कोड काढला नाही. तो सर्व्हरवर राहिला आणि योग्य फ्लॅग, म्हणजे कोड चालू करणारी खूण, आला तर हाकेला ओ देण्याच्या स्थितीत राहिला. असा कोड कुठल्या कंपनीत नसतो? मृत कोड काढण्याच्या कामाला कुणी बजेट देत नाही. काढताना काही मोडलं तर शिव्या बसतात आणि नीट काढला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

2005

पॉवर पेगमध्ये एक मोजणी होती. चाइल्ड ऑर्डरींचे सौदे होतील तसतसे किती शेअर मिळाले याची बेरीज ठेवायची आणि पेरेंट ऑर्डर पुरी भरली की थांबायचं. 2005 मध्ये नाइटनं ही मोजणी तिथून उचलून स्मार्सच्या कोडमध्ये आधीच्या टप्प्यावर नेली. त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासला नाही. बंद पडलेल्या गोष्टीची चाचणी कोण घेणार? पण त्या दिवसापासून पॉवर पेगला कधी थांबायचं हे माहीत नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हेच. इथं जरा थांबतो, कारण वेब सेवा स्थलांतरित करणाऱ्या प्रत्येकानं हे 2005 कधी ना कधी स्वतःच्या हातानं केलेलं असतं.

सोप या जुन्या पद्धतीच्या वेब सेवांचा काळ आठवा. सेवेचं वर्णन डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये असायचं. त्यावर टूल चालवलं की जावाचे क्लास भराभर तयार व्हायचे. बहुतेक टूलं फाइलच्या माथ्यावर बजावून ठेवायची की हा कोड यंत्रानं लिहिलाय, बदल करू नका, पुन्हा जनरेट केलात तर तुमचे बदल जातील. आणि तरी आपण बदल करायचो. कुणी रिकामी किंमत आली तर काय करायचं ते तिथं लिहायचं, कुणी फेल झालेली हाक तीनदा मारायची सोय तिथं करायचं. तारखांची गंमत तर खास आपली. भारतीय वेळेची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा होते. तारखेसोबत वेळ गेली आणि पलीकडच्यानं फक्त तारीख उचलली की गिऱ्हाइकाचा जन्म एक दिवस आधी होतो. याचा इलाज बिचाऱ्या कुणीतरी रात्री अकरा वाजता त्याच जनरेट केलेल्या क्लासमध्ये चार ओळी घालून केलेला असायचा.

मग वरून हुकूम यायचा की जॅक्स-आरपीसी या जुन्या चौकटीवरून जॅक्स-डब्ल्यूएस या नव्या चौकटीवर जायचं. पहिली जे2ईई 1.4 सोबत आलेली, दुसरी जावा ईई 5 सोबत. नवं टूल त्याच डब्ल्यूएसडीएलवर चालवलं की सगळे क्लास नव्यानं निघायचे. तारखेसाठी जिथं कॅलेंडर हा क्लास होता तिथं एक्सएमएल-ग्रेगोरियन-कॅलेंडर यायचं आणि त्या चार ओळी गायब. गंमत अशी की कंपायलर कॅलेंडरबद्दल बोंब मारतो, त्या चार ओळींबद्दल नाही. टाइप बदलला हे त्याला कळतं, तुमचा हेतू हरवला हे कळत नाही.

शहाणी पद्धत तेव्हाही होती. आपले बदल बाइंडिंग फाइलमध्ये वेगळे लिहायचे, कुठला प्रकार कुठल्या क्लासला जोडायचा हे टूललाच सांगायचं, तारखेसाठी अडॅप्टर लिहायचा आणि बाकीचं आवरणाच्या क्लासमध्ये ठेवायचं. जनरेट केलेला कोड दर बिल्डला पाडून नव्यानं बांधायचा, म्हणजे त्याला हात लावायची सोयच उरत नाही. पण ही पद्धत अर्धवट पाळली तर जास्त घातक ठरते. तपासणी खालून उचलून आवरणात नेली, आवरण नीट चालतंय, चाचण्या हिरव्या आहेत, आणि खालचा जुना क्लास मात्र अजून तिथंच आहे. आता त्याच्यात तपासणी नाही. एखादी वाट अजून थेट त्याच्यापर्यंत जाते आणि ती कुणाला ठाऊक नाही. नाइटच्या बाबतीत प्रश्न टूलनं काढलेल्या कोडचा नव्हता, पण दुखणं हेच होतं.

ऑक्टोबर 2011

एक इशारा मिळाला होता. सुटीच्या दिवशी आपत्कालीन यंत्रणेची चाचणी झाली. तिच्यासाठी वापरलेला खोटा डेटा सोमवारी बाजार उघडला तरी एका विभागात तसाच राहिला आणि त्यावरून खरे भाव जाऊ लागले. पाऊण कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं. नाइटनं ती चूक दुरुस्त केली, पण ती होऊ देणारी पद्धत तशीच ठेवली. एसईसीच्या आदेशातला रागही चुकीपेक्षा यावरच जास्त आहे.

मे 2012

फेसबुकचा आयपीओ आला आणि पहिल्याच दिवशी नॅसडॅकची यंत्रणा गडबडली. नाइटला त्यात तीन कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. नाइटचे प्रमुख थॉमस जॉइस यांनी नॅसडॅकच्या तांत्रिक ढिसाळपणावर जाहीर आसूड ओढले. पुढे जे झालं त्यात हे विसरता येत नाही.

जुलै 2012

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज 1 ऑगस्टपासून एक नवी योजना सुरू करणार होतं, रिटेल लिक्विडिटी प्रोग्राम. छोट्या गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींना सेंटच्या अंशानं का होईना चांगला भाव मिळावा अशी तिची रचना. जुलैच्या सुरुवातीला नियामकाची मंजुरी आली. बाजाराची तारीख ठरली म्हणजे दलालांचीही ठरली. गिऱ्हाइकं टिकवायची तर पहिल्या दिवशी तयार असणं भाग होतं.

नाइटनं स्मार्समध्ये नवा कोड लिहिला. जुना पॉवर पेग काढायचा आणि त्याच्या जागी हा बसवायचा असा बेत. इथपर्यंत उत्तम, नऊ वर्षांनी का होईना कुणीतरी झाडू हातात घेतला. पण नवा कोड चालू करण्यासाठी नवा फ्लॅग न करता त्यांनी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग वापरला. जुना कोड जाणार आहे, त्याचं बटण मोकळं होणार आहे, मग वापरून टाकू.

वाड्यातल्या जुन्या स्विचबोर्डसारखी गोष्ट आहे ही. विहिरीच्या मोटरचं बटण आता गीझरला जोडलं. सात खोल्यांत वायर बदलली आणि आठव्या खोलीत विसरली. आठव्या खोलीत कुणी गरम पाण्यासाठी बटण दाबलं की विहिरीवर मोटर सुरू होते. बटण दाबणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं.

जनरेट केलेल्या कोडच्या दुनियेत या चुकीला फार पूर्वीच कुंपण घातलं गेलं. गूगलच्या प्रोटोबफमध्ये निरोपातल्या प्रत्येक फील्डला नंबर असतो आणि तारेवरून फील्डचं नाव जात नाही, नंबरच जातो. फील्ड काढलं तर त्याचा नंबर दुसऱ्या कामाला देऊ नका, तो राखीव करून ठेवा असा दंडक आहे. त्यासाठी भाषेत रिझर्व्ड हा शब्दच ठेवलाय. तो लिहिला की टूल त्या नंबरावर नवं फील्ड काढायलाच नकार देतं. कारण साधं आहे. सगळे सर्व्हर एकाच क्षणी बदलत नाहीत. काही तास, काही दिवस जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालतं, आणि त्या काळात एकाच खुणेचे दोन अर्थ असले तर दोघेही आपापल्या परीनं बरोबर असतात.

27 जुलै, शुक्रवार

नवा कोड चढवायला सुरुवात झाली. स्मार्सचे आठ सर्व्हर होते. सगळ्यांवर एकदम न टाकता रोज थोड्या सर्व्हरांवर टाकायचा असं ठरलं. ही पद्धत चुकीची नाही, उलट सावध आहे. पण टप्प्याटप्प्यानं काम करायचं तर शेवटी मोजायला कुणीतरी लागतं. कोड चढवणाऱ्या तंत्रज्ञाचा एक सर्व्हर राहिला. त्यावर नवा कोड आला नाही आणि पॉवर पेगही निघाला नाही. दुसऱ्या कुणी ते काम तपासलं नाही. तपासावं असा लेखी नियमच नाइटकडे नव्हता.

त्या तंत्रज्ञाचं नाव आदेशात नाही, आणि नाही तेच बरं. आठ यंत्रांवर हातानं फाइली टाकताना माणूस कधीतरी सात म्हणजे आठ समजणारच. आठही सर्व्हरांवरच्या कोडची आवृत्ती वाचून ती सारखी आहे का हे सांगणारी दहा ओळींची स्क्रिप्ट पुरली असती. ती लिहायला कुणाला सांगितलं गेलं नाही हा दोष त्याच्या पदरात कसा घालायचा?

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार शांततेत गेले. फ्लॅग लावलेल्या ऑर्डरी बुधवारीच यायच्या होत्या, तोवर आठव्या सर्व्हरकडून काहीच कळायचं कारण नव्हतं.

1 ऑगस्ट, सकाळी 8.01 (संध्याकाळी 5.31)

बाजार उघडायला दीड तास होता. पण बाजारपूर्व सत्रासाठीच्या, नव्या योजनेत बसणाऱ्या काही ऑर्डरी आल्या आणि स्मार्सनं त्या हाताळल्या. लगेच नाइटच्या आतल्या एका यंत्रणेनं कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ईमेल धाडला. त्यात स्मार्सचा उल्लेख होता आणि चूक म्हणून लिहिलं होतं, पॉवर पेग बंद आहे.

नऊ वर्षांपूर्वी बंद केलेल्या फंक्शनचं नाव, नवी योजना सुरू होण्याच्या दिवशी, सकाळी आठ वाजून एक मिनिटानं. याहून स्पष्ट इशारा कुठलीच यंत्रणा देऊ शकत नाही.

साडेनऊपर्यंत असे 97 ईमेल गेले. कुणी ते वाचून कृती केली नाही. हे ईमेल अलर्ट म्हणून तयारच केलेले नव्हते आणि आले तेव्हा ते वाचण्याची रीत नव्हती. ज्यांच्या इनबॉक्समध्ये रोज पाचशे आपोआप आलेले ईमेल एका फोल्डरात परस्पर जातात त्यांनी त्या गटाला नावं ठेवू नयेत. ईमेल पाठवला म्हणजे कळवलं, असं मानून ती यंत्रणा बांधणाऱ्याला मात्र जरूर ठेवावीत.

सकाळी 9.30 (संध्याकाळी 7.00)

बाजार उघडला. ऑर्डरी आठही सर्व्हरांवर वाटल्या गेल्या. सात सर्व्हरांनी फ्लॅग पाहिला आणि नवा कोड चालवला, सगळं ठीक. आठव्यानं तोच फ्लॅग पाहिला आणि पॉवर पेग चालवला.

पॉवर पेगनं चाइल्ड ऑर्डर पाठवली आणि तिचा सौदा झाला. मग त्यानं दुसरी पाठवली, तिचाही झाला. कधी थांबायचं हे सांगणारी मोजणी 2005 मध्ये तिथून निघून गेली होती. नाइटच्या यंत्रणेच्या दुसऱ्या एका भागाला पेरेंट ऑर्डर केव्हाच पुरी झाल्याचं कळलेलं होतं, पण ते स्मार्सपर्यंत पोचत नव्हतं. दोन भागांना दोन सत्यं माहीत होती, आणि ऑर्डर पाठवायचा हात ज्याचा होता त्याला चुकीचं माहीत होतं.

पहिली मिनिटं

गोळाबेरीज आदेशातच आहे. सदोष कोडच्या हाती लागलेल्या पेरेंट ऑर्डरी फक्त 212. त्यांच्यापोटी लाखो चाइल्ड ऑर्डरी सुटल्या, 154 कंपन्यांच्या शेअरांत 40 लाख सौदे झाले आणि 39 कोटी 70 लाखांहून अधिक शेअरांची देवघेव झाली. सेकंदाला सरासरी दीड हजाराच्या आसपास सौदे होत होते.

बाजारात बसलेल्यांना काय दिसत होतं? एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही असे शेअर उसळत होते. विझर्ड सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचा साडेतीन डॉलरचा शेअर चौदा डॉलरच्या वर गेला. 75 शेअरांमध्ये एकट्या नाइटचे सौदे उलाढालीच्या 20 टक्क्यांहून जास्त होते आणि भाव 5 टक्क्यांहून जास्त हलले. त्यातल्या 37 शेअरांत तर निम्म्याहून अधिक उलाढाल नाइटचीच होती, आणि भाव 10 टक्क्यांहून जास्त हलले. नाइट स्वतःच भाव चढवून चढ्या भावानं घेत होती, आणि स्वतःच पाडून पडत्या भावानं विकत होती. समोर उभ्या असलेल्या इतर यंत्रांना याहून भलं गिऱ्हाईक कुठं मिळणार!

दरम्यान, 33 क्रमांकाचं खातं

ही सगळी नको असलेली खरेदी-विक्री नाइटच्या एका आतल्या खात्यात साठत होती. तिथं त्याला 33 खातं म्हणत. त्याला एकूण 20 लाख डॉलरची मर्यादा होती, पण ती कागदावर. मर्यादा ओलांडली म्हणून ऑर्डरींचा नळ आपोआप बंद होईल अशी जोडणी नव्हती. खात्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा वेगळी होती, ती सौदा झाल्यानंतरचं चित्र दाखवायची आणि सगळी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर होती. आपोआप वाजणारी घंटा तिच्यात नव्हती.

त्या 45 मिनिटांच्या शेवटी नाइटच्या गळ्यात काय पडलं होतं? 80 कंपन्यांचे साडेतीनशे कोटी डॉलरचे शेअर विकत घेतलेले, आणि 74 कंपन्यांचे 315 कोटी डॉलरचे शेअर हातात नसताना विकलेले. मर्यादा 20 लाख, ओझं साडेसहाशे कोटींहून जास्त.

त्या 45 मिनिटांत कधीतरी

आता मला सगळ्यात भयंकर वाटणारा भाग. एव्हाना गडबड कळलेली होती. तंत्रज्ञ कामाला लागले होते, तेही चालू बाजारात, कारण बाहेर पडायचा दरवाजा कुणी आखून ठेवलेला नव्हता. राउटर सरळ बंद करायचा का, कुणाच्या अधिकारात करायचा, किती मिनिटांत करायचा, याचा काही लेखी शिरस्ता नव्हता.

मग त्यांनी तेच केलं जे तुम्ही-मी केलं असतं. आज सकाळी काय बदललं? नवा कोड. मग तो काढा. ज्या सात सर्व्हरांवर नवा कोड नीट बसला होता, त्या सातही सर्व्हरांवरून त्यांनी तो काढून टाकला.

ऑर्डरी येतच होत्या आणि त्यांच्यावर फ्लॅगही होता. आता आठही सर्व्हरांवर त्या फ्लॅगचा अर्थ एकच झाला, पॉवर पेग. आग एका खोलीत होती ती साऱ्या घराला लागली.

रोलबॅक या उपायामागं एक न बोललेली समजूत असते, की मागची स्थिती सुरक्षित होती. मंगळवारी ती होती, कारण मंगळवारी फ्लॅग येत नव्हता. बुधवारी फ्लॅग बाहेरून येत होता, बाजाराच्या नव्या योजनेसोबत येत होता, आणि तो काही रोलबॅक झाला नव्हता. कोड मागं गेला, जग मागं गेलं नाही. फ्लॅग नवा असता तर जुन्या कोडनं त्याला ओळखलंच नसतं आणि हाच रोलबॅक सुरक्षित ठरला असता. एक फ्लॅग वाचवायच्या काटकसरीची किंमत इथं वसूल झाली.

सकाळी सव्वादहाच्या सुमारास (पावणेआठ)

साधारण 45 मिनिटांनी ऑर्डरी थांबल्या. नुकसानीचा अंतिम आकडा 46 कोटी डॉलरहून अधिक. त्या वेळच्या दरानं अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात.

दुपार आणि रात्र

जॉइस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी विश्रांती घेत होते. चुकून झालेले सौदे रद्द व्हावेत अशी नाइटची धडपड सुरू झाली. पण अमेरिकी बाजाराच्या 6 मे 2010 च्या घसरणीनंतर कुठले सौदे रद्द होतील याचे नियम घट्ट झाले होते, आणि नाइटसाठी ते वाकवायला नियामक तयार नव्हता. एक्स्चेंजनं सहाच शेअरांमधले, भाव 30 टक्क्यांहून जास्त हललेले सौदे रद्द केले. बाकीचे पक्के धरले गेले. उरलेला ढीग गोल्डमन सॅक्सनं पडत्या भावात उचलला.

नाइटचा शेअर आदल्या दिवशी 10.33 डॉलरवर बंद झाला होता. बुधवारी तो 6.94 वर आला. गुरुवारी कंपनीनं 44 कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला आणि शेअर 2.58 डॉलरवर बंद झाला.

6 ऑगस्ट, सोमवार

40 कोटी डॉलर घालून काही कंपन्यांनी पेढी तगवली. त्यांत जेफ्रीज, ब्लॅकस्टोन, गेटको ही मंडळी होती. जुन्या भागधारकांचा हिस्सा फार आकसला. 2013 च्या जुलैत नाइट आणि गेटको मिळून केसीजी झाली आणि 2017 मध्ये व्हर्चू या कंपनीनं केसीजीलाही विकत घेतलं.

5 ऑक्टोबर 2012, मुंबई

हे सगळं अमेरिकेत घडतं असं समजून निवांत बसलेल्यांसाठी एक नोंद. नाइटच्या त्या सकाळनंतर दोनच महिन्यांनी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलाल पेढीकडून 59 चुकीच्या ऑर्डरी गेल्या, त्यांची एकूण किंमत 650 कोटी रुपयांहून अधिक होती. निफ्टी काही क्षणांत 900 हून अधिक अंकांनी आपटला आणि व्यवहार सुमारे पंधरा मिनिटं थांबवावे लागले. तिथं चूक बोटाची होती, कोडची नाही. पण सौदा होण्याआधी मर्यादा तपासणारा पहारेकरी दोन्हीकडे जागेवर नव्हता.

16 ऑक्टोबर 2013

एसईसीचा आदेश निघाला. बाजारात थेट ऑर्डर पाठवणाऱ्या दलालानं ती जाण्याआधीच जोखीम तपासणारी यंत्रणा ठेवली पाहिजे, असा नियम नोव्हेंबर 2010 मध्ये मंजूर झाला होता. त्या नियमाखाली झालेली ही पहिलीच कारवाई. पेढीनं स्वतंत्र सल्लागार नेमून आपल्या पद्धती तपासून घ्याव्यात असंही बजावलं गेलं.

दंड 1 कोटी 20 लाख डॉलर. त्या सकाळच्या हिशेबानं ते सव्वा मिनिटाचंही नुकसान नव्हतं.